बिडी सुटली, बदलीचे काय?

अंबड तालुक्यात गोदाकाठच्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या माणसाला विचारा, "दादा, बिडी सोडली म्हणे?" उत्तर मोठ्या ताठ मानेने येते, "कधीच सोडली! आता नुसती तंबाखू." हे सांगताना डाव्या तळहातावर तंबाखूची चिमूट, तिच्यावर चुन्याचा ठिपका आणि उजवा अंगठा आपल्या कामाला लागलेला असतो. या तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ सालच्या उपोषणामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आज मी त्या मोठ्या गोष्टीबद्दल बोलणार नाही. तिथल्या, आणि तशाच शेकडो गावांतल्या, या 'नुसती' शब्दाबद्दल बोलणार आहे.

हाच शब्द सातासमुद्रापारही ऐकू येतो. ब्रिटनमध्ये नोकरी करणारा आमच्या ओळखीतला एक मुलगा फोनवर सांगतो, "चाचा, सिगारेट बंद आहे, आता नुसते व्हेप." व्हेप म्हणजे ई-सिगारेट. पेनाएवढे यंत्र, आत छोटी बॅटरी, एक तापणारी तार आणि थोडा द्रव. या द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, कसला तरी गोड वास आणि निकोटिन असते. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती ओढायची. आग नाही, राख नाही, थोटूक नाही.

पारावरच्या दादांचा आणि या मुलाचा प्रश्न एकच आहे. एक सोडून दुसरे धरले, तर ते दुसरेही कधीतरी सोडायचे का? माझे उत्तर 'हो' असे आहे. पण कोणी आधी सोडायचे, कोणी सावकाश सोडायचे, हे त्या दुसऱ्या वस्तूवर अवलंबून आहे, आणि इथेच लोकांची गल्लत होते.

आधी बिडीची फोड करून पाहू. बिडीत दोन गोष्टी असतात, धूर आणि निकोटिन. मायकेल रसेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७६ साली हे फार नेमके मांडले होते. त्यांचे म्हणणे असे, की माणूस ओढतो निकोटिनसाठी आणि मरतो धुरातल्या डांबराने. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण होणारी आहेत. निकोटिन हे काही अमृत नव्हे. ते हृदयाचे ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला अपायकारक ठरते. पण त्याचे मुख्य काम माणसाला खुंट्याला बांधून ठेवणे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग जे होते त्याला आपण तलफ म्हणतो. हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि मराठीत असा रुजला की त्याला दुसरा पर्याय उरला नाही.

निकोटिन द्यायचे पण धूर द्यायचा नाही, या विचारातून बदलीची वस्तू जन्माला आली. तिचा इतिहास आपल्या पाराशी किती जवळचा आहे ते पाहा. १९६७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांच्या लक्षात आले की पाणबुडीवरचे खलाशी पाण्याखाली असताना सिगारेट ओढता येत नाही म्हणून तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांची तलफ भागते. त्यांनी हे ओव्ह फर्नो या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञांना कळवले. फर्नो यांनी काही वर्षे खटपट करून निकोटिनचे च्युइंगम तयार केले. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले. म्हणजे ऊसतोडीच्या फडात बिडी पेटवायला हात मोकळा नाही म्हणून गालात तंबाखू धरणारा आपला माणूस आणि तो खलाशी यांचे डोके एकाच दिशेने चालले होते. फरक पुढे पडला. खलाशाच्या तंबाखूवरून औषध निघाले. आपण तंबाखूवरच थांबलो.

आणि तंबाखू ही बदलीची वस्तू नव्हेच. इथे चुन्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आपले लोक चुना का लावतात? विचारले तर म्हणतात, "त्याशिवाय चढत नाही." रसायनशास्त्रही हेच म्हणते. चुना अल्कधर्मी आहे. त्याच्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून चटकन रक्तात उतरते. च्युइंगममध्येही त्याचसाठी थोडा क्षार घातलेला असतो. पण चुना लावलेल्या तंबाखूतून निकोटिन एकटे येत नाही. त्याच्यासोबत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक रसायने येतात आणि तास तास एकाच जागी, गालाच्या त्याच कोपऱ्यात, मुरत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूर नसलेल्या तंबाखूला माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून केव्हाच नोंदवले आहे. तोंडाच्या कर्करोगाशी तिचे नाते तर उघडच आहे. बायकांची मशेरी त्यातच येते. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते आणि दिवसातून तीन-चार वेळा दात घासले जातात.

आता आकडे पाहा. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखू-सवयींची मोठी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात धूर हा धाकटा भाऊ आहे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण साध्या तंबाखूची पुडी टपरीवर लटकतेच आहे. तेव्हा पारावरच्या दादांना उत्तर सोपे आहे. तुम्ही बिडी सोडली त्याने तुमची फुफ्फुसे सुटली, हे फार चांगले झाले. तोंड अजून सुटलेले नाही. ही बदली आजच सोडण्याजोगी आहे, तिच्यासाठी मुहूर्त नको.

मग तलफेचे काय करायचे? इथे ते स्वीडनचे च्युइंगम कामाला येते. औषधाच्या दुकानात ते मिळते. त्याचे २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार असतात. उपचार साधारण बारा आठवड्यांचा आणि शेवटच्या आठवड्यांत गोळ्या कमी कमी करत जायच्या. किती आणि कुठली, हे डॉक्टरांना विचारावे, विशेषतः हृदयविकार असेल किंवा घेणारी बाई गरोदर असेल तर. पण लोक ही गोळी घेतात, पोरांच्या च्युइंगमसारखी कचाकचा चावतात, लाळ गिळतात, उचक्या लागतात, पोटात जळजळ होते, आणि पाकीट फेकून देतात. खरी रीत अशी: चार-सहा वेळा हळू चावायची, तोंडात झणझण झाली की थांबायचे आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. झणझण ओसरली की पुन्हा चावायची. अर्धा तास असे चालते. शहरातल्या साहेबाला हे समजावताना डॉक्टर थकतात. आपल्या माणसाला काही शिकवावे लागत नाही. गालात दाबून ठेवण्यात त्याची हयात गेलेली असते. एवढेच सांगावे लागते, की कॉफी किंवा फळांचा रस यांच्यासोबत ती घेऊ नका, कारण आंबट तोंडात निकोटिन उतरत नाही.

व्हेपचे प्रकरण वेगळे आहे. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली आजच्या ई-सिगारेटचा मार्ग मोकळा केला. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. हेतू बरा होता. पुढे त्या यंत्रात आंब्याचा, पुदिन्याचा वास शिरला, आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नव्हती अशी शाळेतली पोरे तिला लागली. चुन्याच्या अगदी उलट युक्ती इथे झाली. द्रवात आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार करतात, त्यामुळे घसा न खरवडता पुष्कळ निकोटिन आत जाते. ब्रिटनमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे.

२०१९ साली लंडनमधल्या पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. सिगारेट सोडू पाहणारे ८८६ लोक त्यांनी दोन गटांत विभागले. एका गटाला ई-सिगारेट दिली आणि दुसऱ्याला च्युइंगम, पट्टी वगैरे औषधे. वर्षानंतर पहिल्या गटातल्या १८ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्के लोकांची. इथवर वाचून व्हेपवाले टाळी वाजवतात. पण पुढचा आकडा त्याहून बोलका आहे. ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले पहिल्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. औषधांच्या गटात औषध चालू असलेले फक्त ९ टक्के. औषधाच्या पाकिटावर बारा आठवडे लिहिलेले असते. व्हेपवर कुठे काही लिहिलेले नसते.

मला विचाराल तर हे यश खोटे नाही. जळत्या तंबाखूपेक्षा ती वाफ पुष्कळ कमी घातक आहे आणि ज्याची वीस वर्षांची सिगारेट अशी सुटली त्याला मी नावे ठेवणार नाही. मात्र 'कमी घातक' म्हणजे 'निर्धोक' असे ऐकू येते, तिथे कान टोचले पाहिजेत. हे यंत्र जेमतेम वीस-बावीस वर्षांचे आहे. बिडीसुद्धा फुफ्फुसात आपला हिशेब मांडायला वीस-तीस वर्षे घेते. २०१९-२० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या आजाराने २,८०७ लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. त्याचे मुख्य कारण गांजातला अर्क असलेल्या द्रवातले ई-जीवनसत्त्वाचे तेल निघाले, नेहमीचा निकोटिनचा द्रव नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आत काय ओढतो आहोत हे ओढणाऱ्याला कळत नाही, एवढे त्यातून दिसले.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले ते असे. आधी पाहा, की तू दोन्ही ओढत नाहीस ना. दिवसभर व्हेप आणि शनिवारी मित्रांत सिगारेट, याला बदली म्हणत नाहीत. सिगारेटकडे परत जाणार नाही अशी खात्री झाली, की मग व्हेप कमी कर. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही हाच क्रम सांगते. द्रवातले निकोटिन एकेक पायरी उतरव, दोन ओढण्यांतले अंतर वाढव, उशाशी यंत्र ठेवू नको. पायरी उतरल्यावर सिगारेटची आठवण जोरात येऊ लागली तर एक पायरी वर ये आणि महिनाभर तिथेच थांब. व्हेप कसे सोडवावे याचा शास्त्रीय आढावा २०२५ साली कॉक्रेन या संस्थेने घेतला. तरुणांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवणे आणि व्हॅरेनिक्लिन हे औषध, या दोन्हींचा उपयोग होत असावा असे त्यात आहे, पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

त्याला आणखी एक सांगितले. ईदला घरी येताना ते यंत्र बॅगेत आणू नको. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी शहरांत ती चोरून मिळते. चोरीच्या मालात काय भरले आहे याची तपासणी कोण करणार?

तलफ घड्याळावर चालते, याचा अनुभव आमच्याकडे दर रमजानला येतो. पहाटेच्या सहेरीपासून पाण्याचा थेंब नाही, बिडीही नाही. दुपारी चिडचिड होते, पण माणूस निभावतो. मगरीबची अजान झाली, खजूर तोंडात गेली, की हात खिशाकडे. तेरा-चौदा तास थांबू शकणारा माणूस चौदाव्या तासालाच कसा हरतो? शेजारच्या माळकऱ्यांकडे उलटा प्रकार. एकादशीला धान्य वर्ज्य, साबुदाणा चालतो आणि तंबाखूची तर कुणी चौकशीच करत नाही. दोन्हीकडे निग्रहाची कमतरता नाही. पण कोणत्या वेळी, कशानंतर हात खिशाकडे जातो, हे कुणी कागदावर लिहिलेले नसते. जेवणानंतर, चहाबरोबर, मोटार सुरू करून बांधावर बसल्यावर. त्या चार-पाच वेळा ओळखल्या की गोळी त्या वेळी हाताशी ठेवता येते. सोडल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यांत कठीण जातो, मग तीन-चार आठवड्यांत जोर ओसरत जातो.

बिडी, सिगारेट आणि तंबाखूच्या वेष्टनावर भयंकर चित्राखाली १८००-११-२३५६ असा एक क्रमांक छापलेला असतो. तो विनाशुल्क आहे. पण पुडी तोंडाने फाडून फेकली जाते आणि बिडी सुटीच घेतली जाते. राज्याने सुट्या बिडी-सिगारेटींची विक्री २०२० साली बंद केली खरी, टपरीवर ते फारसे कुणी मनावर घेतलेले नाही. त्यामुळे क्रमांक कुणाच्या नजरेस पडत नाही. तिथे फोन केला की समुपदेशक सोडायची तारीख ठरवायला मदत करतात आणि पुढेही फोन करून विचारपूस करतात. ओळखीच्या एका ऊसतोड मुकादमाला मी हे सांगितले. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, कारखान्याचा पट्टा पडल्यावरची तारीख सांगतो. फडात पहाटे थंडीत सगळेच मळत असतात, तिथे जमणार नाही. गावाकडे परतल्यावर हातात कोयता नसेल, पोरे समोर असतील. समुपदेशकांनी विचारले असते तर त्यांनीही बहुधा हाच आठवडा निवडला असता.