होकार कोणाला दिला?
‘नागमंडल’, ‘दुविधा’ आणि अद्भुत प्रेमकथांतील संमती



नागपंचमीच्या सुमारास आमच्या वाचन गटात नागाची एखादी गोष्ट घ्यायची, अशी पद्धत पडली आहे. यंदा गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ घेतले. आपण बेळगावकर घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारे, त्यामुळे मूळ कन्नड संवादही बहुतेकांना समजत होते. वाचन संपल्यावर ज्येष्ठ महिलांनी मत दिले, “बिचारीला प्रेम तरी मिळालं, मग ते कोणाकडून का मिळेना.” त्यावर एका सभासदांची कॉलेजात शिकणारी नात म्हणाली, “पण आजी, तो कोण आहे हे तिला माहीत होतं कुठे? मग तिने हो म्हटलं ते कोणाला?”

त्या प्रश्नावर चहा गार झाला, चर्चा मात्र थांबली नाही. शेवटी “तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, सह्या-संमतीचं तुम्हालाच जास्त कळतं, तुम्हीच लिहा,” असे म्हणून हे काम आमच्याकडे आले. साहित्याचे आम्ही जाणकार नव्हे. पण बी.कॉम.ला करार कायदा शिकलो आणि पुढे तोच रोज वापरला. त्या चष्म्यातून जे दिसले ते मांडतो.

कायदा कशाला संमती म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. कलम १४ सांगते की ही संमती मुक्तही असली पाहिजे. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा गैरसमज यांतून आलेली संमती मुक्त धरली जात नाही. फसवून घेतलेला करार आपोआप रद्द होत नाही. तो मोडायचा की ठेवायचा, हे ठरवण्याचा हक्क फसलेल्या माणसाकडे राहतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

प्रेम म्हणजे करार नव्हे, हे आम्हालाही कळते. पण होकार खरा की खोटा हे तपासताना दोन प्रश्न दोन्हीकडे सारखेच लागू पडतात. समोर कोण आहे हे माहीत होते का? आणि नाही म्हणायची सोय होती का?

राणी आणि नाग

कार्नाडांनी हे नाटक १९८७-८८ मध्ये शिकागो विद्यापीठात असताना लिहिले. त्याचा गाभा ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांचा आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायका मुलांना भरवताना, निजवताना सांगत त्या जातीच्या या कथा. पुढे १९९७ मध्ये टी. एस. नागाभरण यांनी त्यावर कन्नड चित्रपट केला.

गोष्ट अशी. अप्पण्णा नव्या बायकोला, राणीला, घरात कोंडून बाहेरून कुलूप लावतो. दुपारी जेवायला येतो, जेवतो आणि पुन्हा आपल्या रखेलीकडे जातो. कुरुडव्वा नावाची आंधळी म्हातारी राणीला वशीकरणाची मुळी देते. मुळी घातलेली आमटी लालभडक झालेली पाहून राणी घाबरते आणि ती वारुळात ओतते. वारुळातला नाग ती पितो, तिच्यावर भाळतो, रात्री मोरीतून घरात शिरतो आणि अप्पण्णाचे रूप घेतो. दुपारी वसकन अंगावर येणारा नवरा रात्री इतका मायाळू कसा, हे राणीला उमगत नाही. ती विचारू लागली की तो बजावतो, प्रश्न विचारायचे नाहीत.

आता हिशेब मांडू. राणीचा होकार आहे का? आहे. ती रात्रीची वाट पाहते. तिला बाहेर पडायची सोय आहे का? नाही, दाराला कुलूप आहे. समोर कोण आहे हे ठाऊक आहे का? नाही. तिने होकार दिला तो अप्पण्णाला, आणि तो घेतला दुसऱ्यानेच.

इथे फौजदारी कायदा फार स्पष्ट आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्येच हा प्रकार नोंदलेला होता. पुरुषाला ठाऊक आहे की आपण तिचा नवरा नाही, आणि ती मात्र त्याला नवरा समजून होकार देते आहे, तर तो होकार धरला जात नाही आणि कृत्य बलात्कार ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ६३ मध्ये आहे. कायदा लिहिणाऱ्यांनाही नवऱ्याचे सोंग घेऊन येणारा माणूस अशक्य वाटला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

पण नाटक इथे संपत नाही. राणीला आरशात क्षणभर नाग दिसतो. त्याचे अंग गार लागते. तिला संशय येतो आणि ती तो गिळते. पुढे दिवस राहतात, अप्पण्णा तिला व्यभिचारी ठरवतो आणि पंचायत बसते. वारुळात हात घालून नाग धरून ती शपथ घेते की नवरा आणि हा नाग यांखेरीज मी कोणत्याही पुरुषाला स्पर्श केलेला नाही. नाग डसत नाही. शपथ अक्षरश: खरी असते. गाव तिला देवी ठरवते.

शेवटी नाग मरतो. राणी नवऱ्याला सांगते की या नागाला आपल्या मुलाने अग्नी द्यावा आणि दरवर्षी त्याचे श्राद्ध करावे. म्हणजे तिला कळलेले असते. नाटकात दुसरा शेवटही सुचवला आहे. नाग जिवंत राहतो आणि राणी त्याला आपल्या केसांत आसरा देते.

करार कायद्याच्या कलम १९८ मध्ये एक सूत्र आहे. दुसऱ्याने आपल्या नावावर केलेल्या व्यवहाराला मागाहून मान्यता देता येते, पण मान्यता देणाऱ्याला वस्तुस्थितीची माहिती महत्त्वाच्या बाबतीत अपुरी असेल तर ती मान्यता ग्राह्य नाही. हे कलम मुखत्याराच्या व्यवहारांसाठी आहे, तरी राणीला ते फार जुळते. आधीच्या रात्रींचा होकार अपुऱ्या माहितीवरचा होता. श्राद्धाचा निर्णय तिचा स्वत:चा, सारे समजून घेतलेला. फसलेल्या माणसाने मोडायचे की ठेवायचे हे ठरवावे असे वर म्हटले, ते राणीने ठरवले. म्हणून नागाने केले ते योग्य ठरत नाही, पण राणीही नुसती फसलेली बाई राहत नाही. आमच्या गटातल्या आजी आणि नात एकमेकींशी भांडत होत्या, पण एक नाटकाच्या शेवटाबद्दल बोलत होती आणि दुसरी सुरुवातीबद्दल.

विचारणारे भूत

याच जातीची दुसरी कथा राजस्थानची. विजयदान देथा यांची ‘दुविधा’. मणी कौल यांनी १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि २००५ मध्ये आपल्या अमोल पालेकरांनी ‘पहेली’. ‘पहेली’ बहुतेकांनी पाहिला असेल.

सावकाराचा मुलगा लग्न होताच व्यापारासाठी पाच वर्षे परगावी जातो. झाडावरचे एक भूत नवरीवर भाळलेले असते. ते मुलाचे रूप घेऊन घरी येते. सासऱ्याला रोज सोन्याची मोहोर मिळते, त्यामुळे तो जास्त चौकशी करत नाही. इथपर्यंत नागाचीच गोष्ट. पण पहिल्याच रात्री भूत नवरीला खरे सांगून टाकते, आणि निर्णय तिच्यावर सोडते.

तोतयेगिरी साऱ्या जगाशी आहे, तिच्याशी नाही. खऱ्या नवऱ्याने जाताना तिला विचारले नव्हते, या भुताने विचारले. कथेच्या नावातली दुविधा हीच. तरीही हा होकार अगदी निर्वेध म्हणता येत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एकटी पडलेली मुलगी, परके घर, नवरा पाच वर्षे येणार नाही. तिच्यापुढे पर्याय किती होते?

खरा नवरा परत आल्यावर एक मेंढपाळ युक्तीने भुताला कातडी पिशवीत कोंडतो. गावाला न्याय झाल्याचे समाधान मिळते. तिला काय हवे, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. देथांची कथा तिला तशीच नवऱ्याजवळ सोडते. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्या देहात येऊन राहते आणि प्रेक्षक सुखाने घरी जातो. आम्हीही तसेच घरी गेलो होतो. आता विचार केला तर वाटते, त्या देहाच्या मालकाला तरी कोणी विचारले?

जुनी उदाहरणे, नवी उदाहरणे

हा प्रश्न नव्या पिढीने काढलेला नाही. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात अहल्या गौतमाच्या वेशातल्या इंद्राला ओळखते आणि तरी कुतूहलापोटी मान्यता देते. पुढच्या अनेक कथांत ती पूर्ण फसलेली आहे. एकाच बाईचा होकार सांगणाऱ्यागणिक बदलत गेला. मात्र आपल्या तोंडी राहिली ती तिची शिळा.

उलट उदाहरण महाभारताच्या वनपर्वातल्या दमयंतीचे. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचे रूप घेऊन बसले. पाच नळ समोर असताना दमयंतीने अंदाजाने माळ घातली नाही. तिने देवांनाच विनवले की आपली खूण प्रकट करा. मग दिसले की देवांना घाम नाही, डोळ्यांची पापणी लवत नाही, गळ्यातले हार कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. मगच तिने नळाला माळ घातली. बँकेत आम्ही याला ओळख पटवणे म्हणायचो. कागदपत्रे पाहिल्याशिवाय खाते उघडायचे नाही.

आजच्या मुलींच्या हातात स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ (२००५) आणि तिच्यासारखी पुस्तके असतात. त्यातला रक्तपिपासू एडवर्ड दिसायला सतरा वर्षांचा, खरे वय शंभराच्या पुढे. तो बेलाच्या खोलीत रात्री तिच्या नकळत शिरतो आणि ती झोपलेली असताना पाहत बसतो. पुढे हे तिला कळते, तेव्हा पुस्तक ती गोष्ट प्रेमाची खूण म्हणूनच मांडते. तो कोण आहे हे ओळखूनही ती त्याच्याकडे जाते, हे मान्य. प्रश्न तिला कळण्याआधीच्या रात्रींचा आहे. हाच माणूस शेजारच्या गल्लीतला असता तर आपण पोलिसांत गेलो असतो.

मग या गोष्टी वाचायच्या की नाही?

आमचे मत, अवश्य वाचाव्यात. ज्या बाईला जागेपणी कोणी काही विचारत नव्हते, तिने मनातले बोलायला नाग आणि भूत यांचा आडोसा घेतला. आमच्या गटातल्या आजींना तेच आधी ऐकू आले. ते खोटे नाही. फक्त गोष्ट गोड लागली म्हणून त्यातली फसवणूक दिसेनाशी होऊ नये.

हे सांगताना आमचीही एक नोंद करणे भाग आहे. ऐंशीच्या दशकात एका तालुक्याच्या शाखेत असताना एका मुलाच्या टेम्पोच्या कर्जाला त्याची विधवा आई जामीन राहिली. फॉर्म इंग्रजीत होता. तिच्या भाषेत तो वाचून, समजावून मगच अंगठा घ्यायचा असा नियम. तिने विचारले, “हितं अंगठा लावला की पोराचं काम हुतंय न्हवं?” आम्ही ‘होय’ म्हटले आणि ‘समजावून सांगितले’ या ओळीखाली सही केली. बाहेर रांग होती. दोन वर्षांनी हप्ते थकले आणि नोटीस तिच्या घराला गेली. ती शाखेत आली आणि म्हणाली, “मी पोरासाठी अंगठा दिला होता साहेब, घरासाठी न्हवं.” कागदावर सगळे बरोबर होते. नागाला नावे ठेवताना ती बाई आठवते.

हा लेख घरी वाचून दाखवला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना विचारले, “आपल्या वेळी बघायला आलो होतो तेव्हा तुला विचारलं होतं ना?” त्या म्हणाल्या, “विचारलं होतं. पोह्यांच्या बशा उचलायच्या आधी, सगळ्यांसमोर.” आणि त्या आत गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारला होता.

घरी मुला-नातवंडांबरोबर अशी गोष्ट वाचताना किंवा पाहताना तीन प्रश्न विचारून पाहावेत. समोर कोण आहे हे तिला (किंवा त्याला) माहीत होते का? नाही म्हटले असते तर काय झाले असते? आणि खरे कळल्यावर कोणी पुन्हा विचारले का? उत्तरे प्रत्येक घरात वेगळी येतील, येऊ द्यावीत.

पुढच्या बैठकीला ‘दुविधा’ वाचायची ठरली आहे. नातवंडांना जरूर आणावे. आणि त्यांनी काही विचारले तर मध्येच चहा आणू नये.