मुक्या दुखण्याला वाचा देणारी यंत्रे

मोठ्या माणसाला दुखले तर तो डॉक्टरांना बोट लावून दाखवतो, "इथे कळ येते." तान्हे लेकरू काय दाखवणार? ते रडते, दूध सोडते, नाही तर मुकाट पडून राहते. मुक्या जनावराचे दुखणे जसे मालकाने ओळखायचे, तसे तान्ह्याचे दुखणे आईबापाने ओळखायचे. त्या कामी आता यंत्रांची मोठी मदत झाली आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, टू-डी इको, सी.टी. स्कॅन ही नावे खेडोपाडी पोचली. पण कोणते यंत्र कशासाठी आणि त्यापासून लेकराला अपाय तर नाही ना, हे घरच्या माणसांना ठाऊक असले पाहिजे.

मुळशी तालुक्याचेच पाहा. हिंजवडी-माणच्या बड्या कंपन्या याच तालुक्यात, आणि धरणाच्या काठाने ताम्हिणीपर्यंत विखुरलेल्या वाड्याही याच तालुक्यात. आषाढात भातलावणी ऐन भरात येते, पाऊस झोडपत असतो, आणि नेमके तेव्हाच पोर धापा टाकू लागते. "लावणी उरकली की दाखवू," असे म्हणता म्हणता चार दिवस जातात. लावणी चार दिवसांनी होईल. पण लेकराचे दुखणे थांबत नाही.

श्वास मोजा

लेकरू शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहा आणि घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर एक तासही दवडू नये. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

न्यूमोनियाच्या प्रत्येक लेकराला एक्स-रे लागतोच असे नाही. औषधाने उतार पडत नसेल, किंवा दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर मात्र तो काढावा लागतो. छातीत पाणी किंवा पू झाला आहे का, क्षयाची शंका आहे का, हृदय वाढले आहे का, हे त्यात दिसते. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या काही लेकरांचे मूळ दुखणे फुप्फुसात नसून हृदयात असते.

हृदयातले छिद्र

जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सुमारे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. अशा काही बाळांना दूध ओढताना दम लागतो, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. काहींचे ओठ व नखे रडताना निळी पडतात. घरात म्हणतात, "दृष्ट लागली," किंवा "अंगच बारीक आहे." दृष्ट खुशाल काढा, पण लेकरू दवाखान्यातही न्या.

टू-डी इको हे त्याचे यंत्र. खिंडीत हाळी दिली की ती कड्यावर आपटून परत येते, तसेच इथेही होते. मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी छातीत सोडतात. तो हृदयावरून परततो आणि त्याचे हलते चित्र पडद्यावर उमटते. स्वीडनमधील एडलर व हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली या तपासणीचा पाया घातला. सुई नाही, किरण नाहीत, वेदना नाही.

इकोने उपचाराची दिशाही ठरते. बरीच लहान छिद्रे वयाबरोबर आपोआप बुजतात. तिथे नुसते लक्ष ठेवायचे. काही छिद्रे जांघेतील शिरेतून नळी घालून, यंत्रावर पाहत पाहत, छत्रीसारख्या चकतीने बंद करतात. छाती उघडावी लागत नाही. मोठ्या छिद्राला शस्त्रक्रिया लागते, आणि ती वेळेत व्हावी लागते. फार उशीर झाला तर फुप्फुसातील रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात. मग शस्त्रक्रियेचीही वाट बंद होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याचे डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासते. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली तर ती आढ्याला खोचून ठेवू नका. या कार्यक्रमात पुढील तपासणी व उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका जवळ ठेवावी.

पोटाचे दोन घात

सहा महिने ते दोन वर्षांचे मूल मध्येच कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, पुन्हा शांत होते, उलट्या होतात, पुढे रक्त-आव पडते. लोक हगवण समजतात. पण कधी कधी आतडे आतड्यात शिरलेले असते. सोनोग्राफीत ते कांद्याच्या चकतीसारखे, वर्तुळात वर्तुळ असे दिसते. लवकर आणले तर गुदद्वारातून हवा किंवा पाणी दाबाने सोडून, यंत्रावर पाहत, बहुतेक वेळा ते विनाशस्त्रक्रिया सोडवता येते.

दुसरा घात बटणासारख्या चपट्या सेलचा. खेळण्यातला किंवा घड्याळातला हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतो. एक्स-रेत नाणे एका कडेचे, तर सेल दुहेरी कडेचा दिसतो. "शौचावाटे पडेल," म्हणून थांबू नका.

किरणांची भीती

सोनोग्राफी, इको व एम.आर.आय. यांत क्ष-किरण नसतात. एका साध्या एक्स-रेत ते फार थोडे, सी.टी. स्कॅनमध्ये पुष्कळ जास्त. कोवळ्या शरीराला त्यांची बाधा मोठ्यांपेक्षा अधिक होते, म्हणून आपण होऊन स्कॅनचा हट्ट धरू नये. पण मूल माळ्यावरून पडून बेशुद्ध झाले आणि डॉक्टरांनी स्कॅन सांगितले, तर नाहीही म्हणू नये. जुने फोटो व अहवाल जपून ठेवावेत, म्हणजे तीच तपासणी दोनदा होत नाही. एक्स-रे काढताना गरोदर स्त्रीने मूल धरू नये.

सोनोग्राफीच्या नावाने काही घरे बिचकतात. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी केला, देशाचा कायदा १९९४ चा. पोटातल्या बाळाचे लिंग विचारणे व सांगणे हा गुन्हा आहे. जन्मलेल्या लेकराच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी करण्यास मात्र कायद्याची काहीच आडकाठी नाही.

यंत्र कितीही चांगले असले तरी ते वाडीवर चालत येत नाही. लेकराला त्याच्यापर्यंत न्यावे लागते. भाताची रोपे पिवळी पडली तर आपण त्याच दिवशी बांधावर जाऊन पाहतो. लेकराच्या बाबतीतही तीच तत्परता असावी, आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांसाठी सारखीच असावी.