गुडघा दुखतोय, ट्रायथलॉन तोंडावर

नोंदणीचे पैसे कित्येक महिन्यांपूर्वी भरलेले असतात. रजा मंजूर झालेली असते, पणजीतली खोली आरक्षित असते, सायकल गाडीवर कशी बांधायची हेही ठरलेले असते. आणि स्पर्धेला सहा आठवडे उरले असताना, रविवारच्या लांब धावेत गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागते. सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मंगळवारी ऑफिसात खुर्चीतून उठताना गुडघा आखडतो. मग सल्ले सुरू होतात. धावण्याच्या ग्रुपमधला एखादा म्हणतो, ‘काही होत नाही, गोळी घे आणि पळ.’ घरचे म्हणतात, ‘या वयात हे उद्योग सांगितलेत कोणी? गुडघ्यातलं वंगण संपलं असेल.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. त्यातला पहिला धोक्याचाही आहे.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार सलग करायचे, याला ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ झाली तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर अवघे १५ जण होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून अर्ध्या अंतराची स्पर्धा होऊ लागली, आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिककडच्या हौशी मंडळींना ही गोष्ट आवाक्यातली वाटू लागली. यातले बरेच जण चाळिशी-पंचेचाळिशीचे असतात. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत आणि पहाटेचे दोन तास व्यायामात, असा त्यांचा दिनक्रम. हृदय आणि फुप्फुसे चार-सहा महिन्यांत तयार होतात. मांडी आणि नितंबाचे स्नायू, स्नायुबंध, हाडे यांना मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. दम टिकतो पण गुडघा बोलतो, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

अर्ध्या अंतराच्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. सायकल ताशी २७ किलोमीटरने चालवली आणि पेडल मिनिटाला ८० वेळा फिरले, तर प्रत्येक गुडघा सुमारे १६ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्यानंतरच्या धावण्यात हौशी धावपटूची २० हजारांवर पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायावर दहा हजार. सायकलवर शरीराचे वजन बैठकीवर असते, त्यामुळे गुडघ्याला हिसका बसत नाही. धावताना मात्र प्रत्येक पावलाला वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. पाण्यात तर वजन जवळजवळ नसतेच. याचा अर्थ असा की नुसत्या मॅरेथॉनपटूचा गुडघा दुखला तर त्याचे सगळे संपते, ट्रायथलॉनपटूकडे मात्र भार इकडून तिकडे हलवायची सोय असते. सहा आठवड्यांत जे काही करायचे ते या सोयीच्या जोरावर.

त्याआधी वंगणाची शंका दूर केलेली बरी. सांध्यातला द्रव डब्यातल्या तेलासारखा वापरून संपत नाही. तो सांध्याच्या आतल्या अस्तरात सतत तयार होतो आणि हालचालीने कूर्चेपर्यंत पोहोचतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौशी धावपटूंमध्ये खुबा किंवा गुडघ्याच्या संधिवाताचे, म्हणजे झिजेचे, प्रमाण साडेतीन टक्के आढळले, बैठ्या लोकांमध्ये ते १०.२ टक्के होते. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते १३.३ टक्क्यांपर्यंत गेले. धावल्याने गुडघा झिजतोच, हे म्हणणे यात टिकत नाही. पण हे आकडे निरोगी गुडघ्यांचे आहेत. आधीच दुखावलेल्या गुडघ्याने त्यांचा आधार घेऊ नये.

मग दुखतेय ते नेमके काय? इथे बहुतेकांची पहिली धाव एमआरआयकडे असते. बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण हमखास दिसतात: केसपेपर काढायच्या आधीच हातात प्लास्टिकच्या पिशवीतली फिल्म, आणि गुडघ्याला अजून कोणी हातही लावलेला नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पन्नाशीपुढच्या ९९१ रहिवाशांचे एमआरआय करून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेनिस्कसमध्ये, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधल्या अर्धचंद्राकृती गादीत, चीर दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत फिल्मवर चीर दिसली, तरी दुखणे तिचेच असेल असे नाही. फिनलंडमध्ये झिजेमुळे चीर पडलेल्या १४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, दुर्बिणीने गादीचा तुकडा काढलेले आणि नुसते शस्त्रक्रियेचे सोंग केलेले रुग्ण वर्षभरानंतर सारखेच बरे होते. तेव्हा ‘स्पर्धेआधी दुर्बिणीने साफ करून घेऊ’ हा विचार सोडलेला बरा.

दुखण्याची जागा आणि वेळ यांतून अनुभवी हाताला बरेच कळते. वाटीमागे किंवा भोवती दुखते, जिना उतरताना आणि चित्रपटगृहात बराच वेळ बसल्यावर वाढते, तर तो बहुधा वाटीच्या सांध्याचा त्रास. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, ठरावीक किलोमीटरनंतर सुरी खुपसल्यासारखे होते आणि उतारावर वाढते, तर खुब्यापासून येणाऱ्या जाड पट्ट्याचा. हे दोन्ही त्रास भाराचे आहेत, मोडतोडीचे नव्हेत, आणि नेटाने व्यायाम केला तर सहा आठवड्यांत त्यांत बराच फरक पडू शकतो. गुडघा मध्येच अडकणे, पाय वळल्यावर काही तासांत सूज येणे, चालताना गुडघा दगा देणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, पोटरीला सूज ही लक्षणे मात्र वेगळी. त्यांत स्पर्धेचा विचार बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. आणखी एक फसवे दुखणे आहे. गुडघा दुखतो, पण गुडघ्याच्या तपासणीत काहीच सापडत नाही. अशा वेळी खुबा तपासावा लागतो. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाने पडलेली बारीक भेग गुडघ्यात दुखू शकते. तिच्यावर २१ किलोमीटर धावले तर हाड सरकू शकते आणि मग मोठ्या शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. एका पायावर उडी मारताच जांघेत कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवायचे.

वेदनेपेक्षाही सूज महत्त्वाची, आणि हौशी खेळाडू नेमका तिच्याकडेच काणाडोळा करतात. प्रयोगात निरोगी गुडघ्यात अवघे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चमचे, द्रव सोडला तरी मांडीच्या आतल्या बाजूचा, वाटीला जागेवर धरणारा स्नायू मंदावतो. वेदना नसतानाही मंदावतो. सांध्याकडून मज्जारज्जूकडे जाणारे संदेशच त्याला आवरून धरतात. मनाचा निर्धार कितीही असला तरी हा स्नायू पूर्ण ताकदीने आवळत नाही. मग पावलाचा धक्का झेलायला कोणी उरत नाही आणि तो सरळ सांध्यावर जातो. म्हणून ‘दुखत नाही, थोडा फुगलाय फक्त’ हे वाक्य दिलासा देणारे नाही. पाय सरळ करून दोन्ही गुडघे शेजारी ठेवावेत. वाटीच्या आतल्या बाजूची खोलगट जागा एका गुडघ्यात भरलेली दिसली, तर त्या आठवड्यात धावायचे नाही.

सूज नसेल तर काम सुरू ठेवता येते. त्यासाठी एक साधे मोजमाप आहे. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यावेत. व्यायाम करताना दोनपर्यंत चालतील, पाचपर्यंत सोसता येतील, त्यापुढे थांबावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसाइतकाच असला पाहिजे. सकाळचा जिना हा उत्तम परीक्षक आहे. तो उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखले, तर कालचा व्यायाम जास्त झाला.

पहिले दोन आठवडे धावणे निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावे आणि तो वेळ पाण्याला द्यावा. कंबरभर पाण्यात उभे राहिले तरी पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो, त्याहून खोल पाण्यात पट्टा बांधून धावण्याची हालचाल करता येते. पोहताना एक काळजी घ्यावी. विहिरीत-नदीत शिकलेल्या अनेकांना बेडकासारखे पाय मारायची सवय असते. त्या झटक्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूचा बंध ताणला जातो. फ्रीस्टाइलमध्ये पाय सरळ राहतात, तो त्रास नाही. सायकलवर बैठकीची उंची तपासावी. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. बैठक खाली असेल तर वाटीवर दाब वाढतो, फार उंच असेल तर बाहेरचा पट्टा आणि गुडघ्यामागची बाजू दुखते. जड गिअर लावून चढावर ताकद दाखवण्याचा मोह टाळावा. हलका गिअर आणि वेगाने फिरणारे पेडल गुडघ्याला मानवते.

खरे औषध म्हणजे मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणे, आणि नेमके तेच कंटाळवाणे असते. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, पायरीवरून सावकाश उतरणे, हे एक दिवसाआड. सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात हे व्यायाम अत्यल्प खर्चात शिकता येतात, तरी लोक नी-कॅप, मसाज गन आणि तेलांवर हजारो रुपये घालतात. तेल चोळल्याने बरे वाटते, हरकत नाही. ते सांध्यात जात नाही इतकेच.

धावणे पुन्हा वाढवताना पावले लहान आणि जलद टाकावीत. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले दहा टक्क्यांनी वाढवली, तर वाटीच्या सांध्यावरचा कमाल दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, असे मोजून पाहिले गेले आहे. मिनिटाला १६० पावले टाकणाऱ्याने १७० ते १७५ कडे जावे. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे झालेले असतात आणि लांब ढांगा पडतात. सराव तेव्हाच करायचा, ताजेतवाने असताना नव्हे.

स्पर्धेचा आठवडा उजाडला की निर्णय घ्यावा लागतो. सूज नाही, जिना विनावेदना उतरता येतो आणि आठ-दहा किलोमीटर सावकाश धावल्यावर दुसरी सकाळ शांत जाते, तर उतरायला हरकत नाही. मात्र वेळेचे जुने उद्दिष्ट घरी ठेवून. या अंतराला सहसा साडेआठ तासांची मुदत असते. पोहणे ५० मिनिटांत, सायकल तीन तास ४० मिनिटांत आणि कपडे-बूट बदलण्यात १५ मिनिटे गेली, तर धावण्यासाठी पावणेचार तास उरतात. म्हणजे ताशी साडेपाच-पावणेसहा किलोमीटर, ही झपझप चालण्याची गती झाली. ज्याने पोहणे आणि सायकल नीट केली आहे तो पदक चालतही घेऊ शकतो. हे गणित आधीच करून ठेवले तर बाराव्या किलोमीटरला गुडघा बोलल्यावर घाबरायला होत नाही. आणि जिना उतरताना अजूनही कठडा लागत असेल, तर बऱ्याच स्पर्धांत रिलेची सोय असते. पोहण्याचा टप्पा आपण घ्यावा, धावणे दुसऱ्याला द्यावे.

आता ती गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक ही औषधे वेदना कमी करतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने रोखून. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात तीही हीच रसायने. गोव्याच्या दमट उन्हात पाच-सात तास घाम गाळणाऱ्याच्या मूत्रपिंडाला त्यांची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमकी तेव्हाच गोळी ती काढून घेते. ८० किलोमीटरच्या धावेत ८९ धावपटूंवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांमध्ये मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याची खूण रक्तात दिसली, नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेतलेल्यांमध्ये ३४ टक्क्यांमध्ये. गट लहान असल्याने या फरकावरून शेवटचा निकाल देता येत नाही, पण दिशा कुठली ते कळते. कॅलिफोर्नियातल्या १६० किलोमीटरच्या शर्यतीत तर आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांइतकेच दुखले. ही औषधे शरीरात पाणी धरूनही ठेवतात. त्यात भीतीपोटी सतत नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम घसरते. आणि पंचेचाळिशीच्या ज्या स्पर्धकाला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्याच्या मूत्रपिंडावर तिसरा आघात या वेदनाशामकाचा होतो. अशा व्यक्तीने ती गोळी खिशातही ठेवू नये.

स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन स्पर्धेत उतरणे हाही असाच प्रकार. वेदना दबते, इजा होत राहते, आणि स्नायुबंधाजवळ टोचले तर तो कमकुवत होतो. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने ग्लुकोकॉर्टिकॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने स्पर्धाकाळात निषिद्ध ठरवली आहेत.

धावताना वेदना पाचच्या पुढे गेली तर चालावे. चालतानाही लंगडावे लागत असेल तर थांबावे, कारण लंगडणारा पाय दुसऱ्या पायाचा खुबा आणि पाठही दुखावतो. स्पर्धा संपल्यावर दर दोन-तीन तासांनी १५ मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि त्या रात्री मांडी घालून बसू नये. वेदनाशामक घ्यायचेच असेल तर भरपूर पाणी आणि मीठयुक्त पेय पोटात जाऊन लघवी फिकट रंगाची झाल्यानंतरच. लघवी गडद, कोकमच्या सरबतासारखी दिसली तर गोळी न घेता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. गुडघ्याची सूज ४८ तासांनंतरही उतरली नाही, तर पुढच्या स्पर्धेची नोंदणी करण्याआधी तपासून घ्यावे.