स्वस्त विमानाचे भाडे ठरते कसे?

ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली आणि पुढे एक रुपयाच्या तिकिटाच्या जाहिराती झळकू लागल्या. तेव्हापासून ‘बजेट’ विमानाबद्दलच्या काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : जेवण देत नाहीत, म्हणून तिकीट स्वस्त.
वस्तुस्थिती : जेवणातून वाचतो तो किरकोळ पैसा. खरी बचत विमानाच्या वापरात आहे. इंडिगोच्या बऱ्याच ए-३२० विमानांत १८६ आसने असतात. विस्तारा कंपनीने त्याच जातीच्या विमानात बिझनेस क्लाससह १६४ ठेवली होती. वैमानिक तेवढेच, इंधनाचा खर्च जवळपास तेवढाच, तो वाटला जातो मात्र जास्त प्रवाशांत. शिवाय विमान उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडवायचे, ही शिस्त. जमिनीवर उभे विमान कमावत नाही, पण कंपनीला त्याचे भाडे भरावेच लागते.

गैरसमज : शेवटच्या दिवशी रिकाम्या जागा स्वस्तात निघतात.
वस्तुस्थिती : संध्याकाळी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचा भाव उतरतो, तसे इथे होत नाही. ऐनवेळी येणारा प्रवासी बहुधा कामाच्या किंवा अडचणीच्या घाईत असतो आणि जास्त मोजायला तयार होतो. त्याच्यासाठी काही जागा मुद्दाम राखल्या जातात.

गैरसमज : पुन्हापुन्हा शोधले की कंपनी भाडे वाढवते.
वस्तुस्थिती : एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. खालचा गट संपला की वरचा उघडतो. तुम्ही विचार करत असताना दुसऱ्याने शेवटची स्वस्त जागा घेतली, तर भाडे वाढलेले दिसते. चार तिकिटे एकदम मागितली आणि स्वस्त गटात दोनच उरली असतील, तर चारही तिकिटांना बहुधा वरचा दर लागतो. म्हणून एका प्रवाशाचे भाडेही तपासून पाहावे.

गैरसमज : अंतर कमी, तर भाडे कमी.
वस्तुस्थिती : दर स्पर्धेवर आणि मागणीवर ठरतो. जवळच्या मार्गावर एकच कंपनी असेल, तर तो लांबच्या मार्गापेक्षाही महाग पडू शकतो. सरकार एरवी भाडे ठरवत नाही. कोविडकाळात, मे २०२० ते ऑगस्ट २०२२ दरम्यान, किमान-कमाल मर्यादा होती, तो एक अपवाद.

गैरसमज : बजेट कंपनी कधी बुडत नाही, बुडतात त्या महागड्या.
वस्तुस्थिती : एप्रिल २०१९ मध्ये महागडी जेट एअरवेज थांबली, तशी मे २०२३ मध्ये बजेट गो फर्स्टही थांबली. एअर डेक्कन तर किंगफिशरने गिळली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. दोन्ही प्रकारच्या कंपन्या त्याच मार्गांवर, त्याच महागड्या इंधनावर लढतात. पूर्ण सेवा देणारी कंपनी गर्दीच्या मार्गावर बजेटच्या दराला दर लावते. उलट इंडिगोनेही २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास आणला. भिंत पातळ होत चालली आहे.

तेव्हा पाटी ‘बजेट’ची आहे की नाही, हे पाहून तिकीट काढू नका. आसननिवड, जेवण, जादा सामान आणि रद्द करण्याचे शुल्क धरून शेवटची बेरीज ताडून पाहा. आणि तिकीट रद्द केलेच, तर विमानतळाची शुल्के परत मागायला विसरू नका. मूळ भाडे बुडाले तरी ती परत मिळतात.