पवनचक्क्यांखालचे बेट

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचे पठार समुद्रापासून दूर असले, तरी ‘सरडा सुपर्बा’ या सरड्यासाठी ते बेटच आहे. उघडा कातळ आणि खुरटे गवत एवढेच त्याचे जग. उतारावरचे दाट जंगल त्याला परके. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवली. पावसाआधी विणीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो. तो मादीला दिसतो, तसा घारीलाही. या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा नेमके हेच गणित बिघडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि सरडे मात्र जास्त.

मग सरड्याचे भलेच झाले, असे कुणी म्हणेल. पण त्याच अभ्यासातले पुढचे निष्कर्ष पाहा. तिथले सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नाहीत, अंगाने रोड आहेत आणि नरांचे रंग फिके आहेत. दाटी वाढून अन्नासाठी चुरस लागणे, हे रोडपणाचे आणि फिक्या रंगांचे एक कारण असावे. शिकारी नसलेल्या खऱ्या बेटांवरही सरडे असेच निर्धास्त होतात. गालापागोस बेटांवरच्या सागरी इग्वानांना माणसांबरोबर आलेली कुत्री-मांजरे म्हणूनच इतकी महागात पडली. तेव्हा केवळ डोकी मोजून पठाराची प्रकृती कळत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पारनेरचा कवड्या डोंगर आणि नगर शहराजवळचे खांडके इथेही पवनचक्क्या आहेत. तिथे सुपर्बा नाही हे खरे, पण उघडे माळ, सरडे आणि कापशी घार या जिल्ह्यातही आहेत. कोळशापेक्षा वारा बरा, हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र पवन प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत नाहीत, आणि सरकारी नोंदींत असे माळ बहुधा ‘पडीक’ ठरतात. त्यामुळे उभारणीआधी तिथे काय होते, याची नोंदच राहत नाही. सरड्यांबरोबर घारींचीही मोजदाद आधी व्हावी, नंतरही काही वर्षे चालावी. आणि प्रत्येक पठाराचा एक भाग पवनचक्क्यांविना मोकळा ठेवावा. चाळकेवाडीत काय बदलले ते कळले, कारण तुलनेला तशी जागा जवळच शिल्लक होती.