इंजिन मिसिंग मारतंय, आणि ते आकाशात आहे

ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं अशांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘आपलं ते हे’ काढून टाकलेत.

आपल्या शाहूवाडीत गाडी धक्के खात चालायला लागली की लोक म्हणतात, ‘मिसिंग मारतीय.’ आंबा घाटात भर पावसात गाडीनं मिसिंग मारलं तर आपण कडेला थांबतो, प्लग काढून बघतो, कुणाला तरी फोन लावतो. विमानाला कडेला थांबता येत नाही. म्हणून आजचा विषय: रोटरी इंजिन, त्यावर कॉम्प्युटरचं नियंत्रण, आणि ते अडखळत चालत असेल तर दोष शोधायचा कसा.

हे लांबचं वाटेल, पण या गोष्टीचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. निशांत हे आपलं मानवरहित विमान. त्यासाठी ५५ अश्वशक्तीचं व्हँकेल रोटरी इंजिन देशातच बनवलं गेलं आणि २००९ साली कर्नाटकातल्या कोलारला त्यावर निशांत उडालं. इंजिनाचा गाभा बेंगळुरूच्या एनएएलनं केला, आणि इग्निशन व इंधनाची यंत्रणा अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीईनं. म्हणजे मिसिंग मारलं की ज्या दोन गोष्टींवर आधी संशय जातो, त्या दोन्ही नगरच्या! आणि मानवरहित विमानात इंजिनाचा आवाज ऐकायला आत कुणी बसलेलंही नसतं. खाली जमिनीवर आकडे दिसतात तेवढेच.

आता रचना. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका लंबगोलसर घरात फिरतो. त्याच्या तीन बाजू म्हणजे तीन वेगवेगळ्या खोल्या. प्रत्येक खोली आळीपाळीनं हवा-इंधन घेते, दाबते, पेटवते, धूर सोडते. तिन्ही कोपऱ्यांवर पातळ पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ‘रोटरी’ इंजिनं वेगळी, तिथं अख्खं इंजिनच गरगरायचं. नावावरून गोंधळू नका.)

या ‘तीन’ आकड्यातच दोष शोधायची किल्ली आहे, आणि मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. स्पार्क प्लग आणि इंजेक्टर तिन्ही खोल्यांना सामायिक असतात. आपल्यासमोर आत्ता कुठली खोली आली आहे हे त्यांना माहीतच नसतं. म्हणून एका रोटरच्या इंजिनात बरोबर दर तिसरा ठोका कमजोर येत असेल, तर वायरिंग उसकटत बसू नका. बहुतेक वेळा दोष रोटरच्या एका बाजूला, सीलमध्ये असतो. ठोके कसेही, बेताल चुकत असतील तर मात्र वीज, इंधन किंवा सेन्सरकडे वळायचं. मंद गतीवर, समजा १५०० आरपीएमला, सेकंदाला २५ स्फोट होतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म बघितला तर हा ताल डोळ्यांनी दिसू शकतो. दोन रोटर असतील तर एका बाजूचा दोष दर सहाव्या ठोक्याला येईल.

सीलचा संशय आला तर कॉम्प्रेशन मोजायचं. एका रोटरचे तीन आकडे मिळतात. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधलं एपेक्स सील गेलं असण्याची शक्यता जास्त, कारण एक सील दोन खोल्यांमधली भिंत असते. एकच आकडा कमी असेल तर त्या बाजूचं साइड सील बघायचं.

आता आमच्या लाइनची गोष्ट, म्हणजे ईसीयू. हा बिचारा इंजिन बघत नाही, सेन्सरचे आकडे बघतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी तडकली तर बाहेरची हवा आत शिरते आणि दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. ईसीयू म्हणतो, हवा भरपूर आहे, इंधन वाढवा. इंजिन घुसमटतं. पण पूर्ण रेस दिली की आतला दाब तसाही बाहेरच्याइतका होतो, मग खोटा आकडा खऱ्याजवळ जातो आणि इंजिन सुधारतं! इंधनाचा फिल्टर चोंदला असेल तर उलट दिसतं: मंद गतीला झकास, रेस दिली की दम तुटतो.

बॅटरीकडे तर कुणी बघतच नाही. इंजेक्टरला सिग्नल मिळाल्यापासून उघडायला थोडा वेळ लागतो, आणि व्होल्टेज पडलं की तो वेळ वाढतो. ईसीयूनं त्याची भरपाई केली नाही तर इंधन कमी पडतं. अर्थिंगचा एक गंजलेला नट एवढं करू शकतो.

परदेशात हौशी लोक माझदाचं दोन रोटरचं १३बी इंजिन स्वतः बांधलेल्या विमानात बसवतात. त्यात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, आणि काही कंट्रोलरमध्ये एकाऐवजी दोन कॉम्प्युटर. मग जमिनीवर, विमान घट्ट बांधून, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि मिसिंग गेलं, तर दोष पहिल्यात. तसंच राहिलं, तर दोन्हींना सामायिक काय आहे ते शोधा: पंप, प्लग, सामायिक वायरिंग. दोन कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या रोटरवर गेला, तर कॉइल पकडली. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि ते पुन्हा बिघडेल तेव्हा खाली शेत असेल की घाट, हेही नाही.

आणि एकाच ठरावीक दाबाला, ठरावीक गतीला इंजिन अडखळत असेल, पुढं-मागं ठीक असेल, तर पाना खाली ठेवा. तिथं इंधनाच्या तक्त्यातला एखादा आकडा चुकलेला असू शकतो. लॅपटॉप लावायचा, आधीच्या तक्त्याची कॉपी जपून ठेवायची, आणि तेवढाच एक चौकोन थोडा-थोडा बदलत बघायचं.