यष्ट्यांमागचे नवले

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांचे दिवस आले, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींइतक्याच उत्साहाने टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात, आणि बक्षिसांचा पुकारा होतो तेव्हा उत्कृष्ट फलंदाज व गोलंदाज यांची नावे ध्वनिक्षेपकावरून गावभर दुमदुमतात. मात्र ज्याने डावभर उठाबशा काढीत प्रत्येक चेंडूवर नजर खिळवून ठेवली, त्या यष्टिरक्षकाचे स्मरण आयोजकांस क्वचितच होते. त्याने अडविलेल्या धावांची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. सुटलेला एक झेल मात्र वर्षानुवर्षे चर्चिला जातो.

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी भीमा तुळापुरास इंद्रायणीला भेटते, त्या परिसरातील फुलगावी ७ डिसेंबर १९०२ रोजी अशाच एका विस्मरणात गेलेल्या यष्टिरक्षकाचा, जनार्दन ज्ञानोबा नवले यांचा, जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीच त्यांनी मुंबईच्या प्रतिष्ठित जातवार सामन्यांत हिंदू संघाचे यष्टिरक्षण केले. पुढे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला, तेव्हा महंमद निसारच्या वेगवान माऱ्यासमोर इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत बाद झाले. त्या वेळी यष्ट्यांमागे नवलेच होते. भारताची फलंदाजी आली, तेव्हा नाऊमल जेऊमल यांच्यासह सलामीस जाऊन भारताच्या कसोटी इतिहासातील पहिला चेंडूही त्यांनीच खेळला. त्यांच्या धावा १२ आणि १३. सामना भारताने १५८ धावांनी गमावला. यष्टिरक्षकानेच सलामीस जाणे म्हणजे केवढी शारीरिक कसोटी, हे ज्याने एक दिवस तरी ग्लोव्ह्ज घातले आहेत तोच जाणेल.

याच सामन्यात इंग्लंडकडून यष्टिरक्षण करणारे लेस्ली एम्स हे केंट परगण्याचे पगारी खेळाडू होते. क्रिकेट हाच त्यांचा रीतसर व्यवसाय होता, आणि पुढे त्याच केंटच्या संघाचे सचिव व व्यवस्थापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम पाहिले. अमेरिकेतील बेसबॉलमध्येही फलंदाजामागे तोंडावर जाळी आणि छातीवर कवच बांधून बसणारा, बोटांच्या खुणांनी चेंडूफेक्यास सूचना देणारा ‘कॅचर’ हा करारबद्ध, वेतनधारी माणूस असतो. नाव फारसे गाजले नाही, तरी पोटापाण्याची तजवीज खेळातून होते. आपल्याकडे त्या काळी असा शिरस्ता नव्हता. खेळाडूचा चरितार्थ संस्थानिकांच्या मेहेरनजरेवर किंवा एखाद्या नोकरीवर अवलंबून असे, आणि ती मर्जी व ते वय सरले, की त्याचे पुढे काय होते याची विचारपूस कोणी करीत नसे.

नवले यांना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्यावर दुसरी आणि अखेरची कसोटी मिळाली. भारतभूमीवरील हा पहिलाच कसोटी सामना लाला अमरनाथ यांच्या शतकामुळे अजरामर झाला. कलकत्त्याच्या पुढील कसोटीत दिलावर हुसेन यांनी यष्टिरक्षक म्हणून येऊन दोन्ही डावांत अर्धशतके काढली, त्यामुळे नवल्यांऐवजी झालेली त्यांची निवड अन्यायाची होती असे म्हणवत नाही. परंतु चार डावांतील ४२ धावा एवढ्यावरच नवल्यांच्या कारकिर्दीचे माप घेणे मला अन्यायाचेच वाटते, कारण त्यांचे खरे काम हातमोज्यांचे होते आणि धावफलकात त्याला रकानाच नव्हता. उत्तरायुष्यात एका साखर कारखान्यात त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी केली व पुण्यात दोन खोल्यांच्या घरात दिवस काढले, असे त्यांच्याविषयी लिहून ठेवलेले आढळते. ७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. एकाच मैदानावर, एकाच सामन्यात, एकच काम करणाऱ्या नवले व एम्स या दोन माणसांच्या उत्तरायुष्यांतील ही तफावत गुणांची नव्हे, व्यवस्थेची होती.

जुन्नर-आंबेगावच्या यात्रा समित्यांना माझी विनंती आहे की, येत्या हंगामात उत्कृष्ट यष्टिरक्षकासाठी एक चषक ठेवावा, आणि त्यावर जनार्दन नवले हे नाव कोरावे.